चालू डिरेक्टरी : एका कल्पनेची जडणघडण
संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला टर्मिनलवर ज्या आज्ञा सर्वप्रथम शिकवल्या जातात, त्यांपैकी ‘पीडब्ल्यूडी’ ही तो सध्या कोठे आहे ते सांगते, ‘एलएस’ तेथे काय काय आहे ते दाखवते आणि ‘सीडी’ त्याला तेथून दुसरीकडे नेते. फाइलींच्या पसाऱ्यात माणूस एका वेळी एकाच ठिकाणी उभा असतो, हे या तिन्ही आज्ञांमागचे गृहीतक आहे. सवयीने ते इतके अंगवळणी पडते की त्यालाही काही इतिहास असेल, अशी शंका येत नाही. प्रत्यक्षात ही कल्पना १९६० च्या दशकात विचारपूर्वक घडवली गेली आणि तिला आजचे रूप येण्यास सुमारे दीड दशक लागले.

एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीला कालविभाजन म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘सीटीएसएस’ ही अशी एक आरंभीची प्रणाली नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रथम दाखवण्यात आली. तीत प्रत्येकाच्या फाइलींची एक सपाट यादी असे, त्यामुळे फाइली वाढत गेल्या की ती यादी हाताळणे अवघड होई. पुढे मल्टिक्स या प्रणालीसाठी रॉबर्ट डेली व पीटर न्यूमन यांनी १९६५ मध्ये जो आराखडा मांडला, त्यात डिरेक्टरी, म्हणजे फाइलींची नावे नोंदवणारी यादी, हीसुद्धा एक फाइलच मानली गेली आणि एका डिरेक्टरीच्या पोटात दुसरी ठेवण्याची मुभा मिळाली. यातून उलट्या झाडासारखी रचना उभी राहिली. मात्र खोलवरच्या फाइलीचा मुळापासूनचा संपूर्ण मार्ग दर वेळी टंकित करणे जिकिरीचे होते, म्हणून वापरणाऱ्याची एक ‘चालू डिरेक्टरी’ मानावी आणि नुसते नाव दिल्यास ते तेथूनच शोधावे, असे ठरले. ‘कोठे आहोत’ हा प्रश्न संगणकाच्या संदर्भात अर्थपूर्ण झाला तो या सोयीमुळे.

मल्टिक्सच्या कामात सहभागी असलेल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेने १९६९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी तेथील केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्स या प्रणालीची सुरुवात केली. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतावरून या पहिल्या युनिक्सचे चित्र स्पष्ट होते. डिरेक्टऱ्या होत्या, पण नावांची साखळी जोडून मार्ग लिहिण्याची सोय नव्हती. प्रत्येक नाव चालू डिरेक्टरीतलेच समजले जाई. शिवाय प्रणाली चालू असताना नवी डिरेक्टरी निर्माणही करता येत नसे. ती कागदी फितीवरून संपूर्ण फाइलव्यवस्था नव्याने उभारतानाच अस्तित्वात येई. आजचा विद्यार्थी पहिल्याच तासाला जे सहज करतो, ते या प्रणालीच्या निर्मात्यांनाही तेव्हा करता येत नव्हते.

याच काळात घडलेला एक प्रसंग या साऱ्या इतिहासात सर्वाधिक बोधक आहे. चालू असलेल्या कार्यक्रमाला ‘प्रोसेस’ म्हणतात. आरंभी प्रत्येक टर्मिनलला एकच प्रोसेस जोडलेली असे; नंतर एका प्रोसेसने स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस निर्माण करण्याची ‘फोर्क’ ही सोय अवघ्या २७ ओळींच्या असेंब्ली भाषेतील मजकुराने साधली गेली. त्या यशाच्या आनंदातच असे लक्षात आले की डिरेक्टरी बदलणारी ‘सीएचडीआयआर’ ही आज्ञा चालेनाशी झाली आहे. बराच शोध घेतल्यावर कारण उमगले. आज्ञा स्वीकारणारा ‘शेल’ हा कार्यक्रम आता प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी प्रोसेस निर्माण करत होता. ती नवी प्रोसेस स्वतःची चालू डिरेक्टरी अगदी बिनचूक बदलत होती आणि लगेच संपून जात होती, तर तिचा जनक असलेला शेल जिथल्या तिथेच राहत होता. अखेर ही आज्ञा शेलच्या आतच अंतर्भूत करावी लागली. ‘ठिकाण’ ही माणसाची किंवा पडद्याची नव्हे, तर प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र मालमत्ता आहे, हे या बिघाडातून उघड झाले. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या लिहून ठेवलेल्या फाइलीत, ‘सीडी’ लिहून ती चालवल्यावर आपला टर्मिनल हललाच नाही म्हणून आजही जो विद्यार्थी गोंधळतो, त्याच्यापुढे नेमके तेच कोडे असते.

युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर गेल्यानंतर तिरक्या रेघेने नावे जोडणारे मार्ग रूढ झाले. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘एलएस’ आणि ‘एमकेडीआयआर’ या आज्ञा आढळतात. नावे इतकी आखूड असणे त्या काळाला साजेसेच होते, कारण तेव्हाचा मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला फक्त १० अक्षरे कागदावर छापत असे. प्रत्येक डिरेक्टरीत एका टिंबाने स्वतःची आणि दोन टिंबांनी वरच्या डिरेक्टरीची नोंद होई. ही नोंद केवळ चालण्याच्या सोयीची नव्हती. प्रोसेसपाशी चालू डिरेक्टरीचा क्रमांक असे, नाव नसे. त्यामुळे ‘पीडब्ल्यूडी’ला दोन टिंबांच्या आधाराने एकेक पायरी वर चढत, प्रत्येक पायरीवर तो क्रमांक कोणत्या नावापुढे नोंदला आहे हे शोधत मुळापर्यंत जावे लागे आणि मगच संपूर्ण मार्ग हाती येई.

युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ‘सीडी’ हे आजचे रूप दिसते आणि पुढे काही न लिहिता ती दिल्यास वापरणारा स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीत परततो. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये डिरेक्टऱ्या मार्च १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आल्या. पहिल्या आवृत्तीत तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय दर्शवण्यासाठी वापरली गेली असल्याने मार्गासाठी उलटी रेघ घ्यावी लागली. त्याहून महत्त्वाचा फरक असा की डॉस प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळी चालू डिरेक्टरी लक्षात ठेवत असे आणि एकाच माणसाच्या त्या यंत्रात ‘घर’ ही कल्पना नसल्यामुळे नुसती ‘सीडी’ कोठेही न नेता केवळ चालू ठिकाण छापत असे. विंडोजच्या आज्ञापटलावर ती आजही तेच करते.