काकडीच्या मळ्यातले बुजगावणे

विठ्ठलवाडी हे आमचे स्टेशन. नावातच विठोबा. तिथून लोकलने ठाण्याला उतरून टेंभी नाक्याकडे गेले, की ज्यूंचे एक जुने प्रार्थनामंदिर लागते. ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे दार. बेने इस्रायल समाजाने ते १८७९ साली उभारले. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. जपली जाते ती हिब्रू धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी.

या समाजाच्या संदेष्ट्यांनी मूर्तिपूजेवर कडक टीका केली आहे. ती वाचताना आपल्यासारख्या मूर्तिपूजकाला थोडे अवघडल्यासारखे होते. मग त्यातल्या प्रतिमा जरा बारकाईने पाहू या.

यिर्मया मूर्तीला काकडीच्या मळ्यातले बुजगावणे म्हणतो. ते बोलत नाही, चालत नाही, उचलून न्यावे लागते. त्याला भिऊ नका, असे त्याचे सांगणे. दुसरी प्रतिमा पाण्याची. यहूदाच्या कोरड्या डोंगरांत लोक खडकात टाकी खोदत, आतून चुन्याचा गिलावा करून पावसाचे पाणी साठवत. आपल्या गडांवरची टाकी आठवा. गिलाव्याला तडा गेला, की ऐन उन्हाळ्यात टाके कोरडे. वाहता झरा सोडून तुम्ही अशी फुटकी टाकी खोदलीत, असे यिर्मया म्हणतो. आणि लगेच विचारतो, नाईलचे आणि फरातचे पाणी प्यायला कशाला धावता? म्हणजे इजिप्त आणि अश्शूर या बलाढ्य राज्यांच्या आश्रयाला. मूर्तीच्या आडून तो राजकारणावर बोलतो आहे. पुढे इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम जाळले, तेव्हा इजिप्तची मदत कामी आली नाही.

होशेयाने हेच पतीला सोडून गेलेल्या पत्नीच्या रूपकातून मांडले. यशयाच्या ग्रंथातला कारागीर तर एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव घडवतो.

ही थट्टा शेजाऱ्याच्या धर्माचे न्याय्य वर्णन आहे का? नाही. बाबिलोनमध्ये मूर्तीचे ‘मुखप्रक्षालन’ करून तिच्यात देवत्व आणण्याचा विधी होता. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण व्हावी असा. त्या भक्तालाही देव म्हणजे नुसते लाकूड वाटत नव्हते. संदेष्टा बोलत होता तो आपल्याच माणसांशी. हरलेल्या, परमुलखात नेलेल्या, विजेत्यांचे देव पाहून दिपलेल्या लोकांशी. त्यांचा धीर टिकावा म्हणून ही तिखट भाषा.

याची साक्ष आपल्या कोकणातच मिळते. बेने इस्रायल शतकानुशतके देवळांच्या शेजारी राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावांवरून पेणकर, नागावकर अशी आडनावे त्यांनी घेतली, मराठी बोलले, पण मूर्ती घरात आणली नाही. त्यांचा सर्वांत लाडका संदेष्टा एलियाहू, म्हणजे कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांची थट्टा करणारा. त्याच्या नावाने नवस बोलायचा आणि फेडताना पोहे, खोबरे, गूळ, फळे यांचा मलिदा करायचा, ही पद्धत मात्र अस्सल कोकणी मातीतली. आपले व्रत सांभाळायला त्यांना शेजाऱ्याचा तिरस्कार करावा लागला नाही.

म्हणून या प्रतिमा दुसऱ्यावर दगडासारख्या फेकायच्या नाहीत. त्यांतला प्रश्न स्वतःला विचारायचा. देव्हाऱ्यात मूर्ती असो वा नसो, संकट आले की आपण कोणत्या टाक्याकडे धावतो? आणि त्यात पाणी आहे का?