फुटलेली धमनी आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

मेंदूच्या बुडाशीं असलेल्या एखाद्या धमनीची भिंत दुबळी होऊन फुगते, आणि तो फुगा एके दिवशीं फुटतो. डोक्यांत घणाचा घाव बसावा तशी वेदना होते. जिवंत माणसाच्या मेंदूंतील धमन्यांचें क्ष-किरण छायाचित्र १९२७ सालीं लिस्बनच्या एगास मोनिश यांनीं काढलें, तेव्हां असा फुगा नेमका कोठें आहे हें पाहण्याची वाट खुली झाली. १९३१ सालीं एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनीं रोग्याच्याच मांडीचा स्नायु काढून फुग्यास लपेटला. १९३७ च्या मार्चमध्यें बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं फुग्याच्या मानेस चांदीची चिमुकली क्लिप लाविली, आणि रोगी बरा झाला. प्रश्न सुटला असें वाटण्यासारखीच ही गोष्ट होती.

तो सुटला नव्हता. क्लिप उत्तम बसूनहि कांहीं रोगी दगावत, कांहीं पंगु होत. १९६८ सालीं हंट व हेस या अमेरिकन शल्यवैद्यांनीं रोग्यांच्या पांच पायऱ्या लाविल्या : थोडेंसें डोकें दुखणारा पहिलीवर, गाढ बेशुद्ध पांचवीवर. रोगी कोणत्या पायरीवर रुग्णालयांत आला यावरच त्याचें बरेंचसें भवितव्य ठरतें; त्यांत वय उतरलेलें असेल तर आशा आणखी मावळते. शल्यवैद्याच्या अभिमानास हें थोडें झोंबणारेंच !

शस्त्रक्रिया कधीं करावी, हा वादहि जुना. लगेच करावी तर मेंदू सुजलेला. थांबावें तर फुगा पुन्हां फुटण्याचें भय. ३,५२१ रोग्यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां दोन्ही पक्षांचा एकूण हिशेब जवळजवळ सारखाच भरला. थांबून शस्त्रक्रियेंत जें कमावलें, तें वाट पाहण्यांत गेलें होतें.

परंतु खरा दगा पुढेंच असतो. रोगी शुद्धीवर येतो, घरच्यांना ओळखतो, चहा मागतो. आणि सहाव्या-सातव्या दिवशीं त्याचा एक हात लुळा पडतो, शब्द अडखळतात. सांडलेल्या रक्तामुळें मेंदूच्या धमन्या आकसतात, हें त्याचें एक मोठें कारण. हें आकसणें १९५१ सालीं छायाचित्रांत नोंदलें गेलें. १९८० सालीं मिलर फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, सी. टी. स्कॅनमध्यें रक्ताचा थर जितका जाड, तितका हा धोका अधिक. १९८९ सालीं ५५४ रोग्यांवरील ब्रिटिश प्रयोगांत निमोडिपिन या औषधानें वाईट परिणामांचें प्रमाण शेंकडा ३३ वरून २० वर आलें. गंमत अशी कीं, छायाचित्रांतील आकसणें या औषधानें फारसें कमी होत नाहीं !

म्हणून क्लिप बसल्यावरहि चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत परिचारिका रात्रंदिवस रोग्यास पुन्हां पुन्हां विचारीत राहते : नांव काय, आज वार कोणता, दोन्ही हात वर करा पाहूं.