नगरच्या छावणीतली जर्मन टोपी

जुन्या बाजारात किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर फौजदाराच्या टोपीसारखी, पुढे कातडी छज्जा असलेली जर्मन टोपी निघाली, की ‘हिटलरची टोपी’ म्हणून लोक मोकळे होतात. टोपी पाहून माणूस ठरवण्याची ही घाई आम्हां मुसलमानांच्या चांगल्याच परिचयाची आहे. पण आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अशी टोपी निघाली, तर तिचा मालक हिटलरपासून जीव वाचवून पळालेला माणूसही असू शकतो.

उर्दू वाचकाला नगर म्हटले की किल्ला, मौलाना आझाद आणि ‘गुबार-ए-खातिर’ आठवते. मौलाना तेथे कैदी म्हणून आले ऑगस्ट १९४२ मध्ये. त्याआधी दोन वेळा नगरने जर्मन कैदी पाहिले होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, खलाशी, पाद्री इंग्रजांनी पकडून नगरच्या छावणीत ठेवले. शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला त्या १९१८ सालीही नगरला जर्मन कैदी होतेच.

सप्टेंबर १९३९ मध्ये पुन्हा तेच झाले. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर नगरलाच आणला गेला. पुढे देहरादूनच्या छावणीतून तो १९४४ मध्ये तिबेटकडे निसटला. परंतु खरी शोकांतिका ज्यू निर्वासितांची. नाझींच्या जुलमाला कंटाळून ते हिंदुस्थानात आले आणि पासपोर्ट जर्मन म्हणून येथे ‘शत्रू’ ठरले! नाझी आणि नाझींचे बळी एकाच तारेच्या कुंपणात. चौकशीनंतर त्यांपैकी पुष्कळ जण सुटले. यातल्या एखाद्याच्या पेटीत जुनी लष्करी टोपी असती तर नवल नव्हते, कारण पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू कैसरच्या फौजेत होते.

म्हणून आधी टोपीचा पुढचा भाग पाहावा. दोन गोल बिल्ले, वरचा काळा-पांढरा-लाल आणि खालचा संस्थानाच्या रंगांचा असेल, तर टोपी १८९७ ते १९१८ मधली. खालचा काळा-पांढरा असेल तर प्रशिया, पांढरा-निळा असेल तर बव्हेरिया, पांढरा-हिरवा असेल तर सॅक्सनी. पंख पसरलेला गरुड आणि स्वस्तिक असेल तर मात्र नाझी काळ. बिल्ला काळा-लाल-सोनेरी आणि कापड नवे असेल, तर ती बहुधा १९४५ नंतरची. छज्जा आहे म्हणजे लष्करीच, असेही नाही. जर्मनीत रेल्वे, टपाल, जंगल खात्याचे लोक आणि व्यापारी जहाजांचे अधिकारीही अशाच टोप्या घालत. उलट कैसरच्या साध्या शिपायाच्या टोपीला छज्जाच नसे.

नाझी टोपी इकडे पोचण्याचा एक मार्ग अभिमानाचाही आहे. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढले आणि शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा लढायांतून परतणारे जवान हरलेल्या शत्रूच्या वस्तू आठवण म्हणून आणत.

तेव्हा भंगारवाल्याला देण्यापूर्वी टोपीच्या आतली घामाची कातडी पट्टी हलकेच उलटावी. कारागिराचे किंवा गावाचे नाव, मापाचा आकडा, कधी मालकाचे हस्ताक्षरही तेथेच असते. बिल्ला घासून चकचकीत करू नये आणि घरातल्या म्हाताऱ्यांना ती कुणी आणली हे आजच विचारून घ्यावे.