मुस्तफाचा गल्ला

१९९३ साली जपानच्या कॅपकॉमने ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ काढला. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हे लांबलचक नाव कोण घेणार? पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून तो ‘मुस्तफा’च झाला.

मालकाचं गणित मात्र पेटीच्या आत असे. १९८५च्या सुमारास जपानी उत्पादकांनी ‘जामा’ ही एकसारखी जोडणी ठरवली. त्यामुळे पडदा, दांडा, पेटी तीच ठेवून नुसता बोर्ड बदलता येई.

खरी मेख वेळेची. सराईत पोरगं एका नाण्यावर ‘मुस्तफा’समोर ठाण मांडून बसे, पण तिघं एकत्र खेळली की नाणीही तीन. १९९१चा ‘स्ट्रीट फायटर टू’ त्याहून फायद्याचा: हरलेला बाजूला, पुढचा नाणं घेऊन तयारच! शिवाय त्याच्या बोर्डावरच्या बारीक खटक्यांनी खेळ अवघड करायची सोय होतीच.