तारण घेऊन दिलेली मदत

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरीं आज नवी मुंबई वसली आहे. तिच्या दक्षिण भागांतील बेलापूरचा पडका किल्ला पोर्तुगीज व मराठे यांच्या झगड्याची आठवण देतो. त्या झगड्यांत मुंबईकर इंग्रजांपुढें एक पेंच उभा राहिला: संकटांतील दोस्तास रसद किती द्यावी?

१६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालनें मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिलें होतें. पुढें १७३७ सालीं ठाणें व साष्टी मराठ्यांनीं घेतलीं आणि १७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजीअप्पांनीं वसईस वेढा घातला. दारूगोळा, धान्य व पैसा यांसाठीं वसईहून मुंबईस पत्रांमागून पत्रें येऊं लागलीं.

कंपनीचें सरकार व्यापारी होतें, सैन्य तोकडें होतें. उघड मदत करावी, तर साष्टींत ठाण मांडलेल्या मराठ्यांशीं वैर; न करावी, तर सारा उत्तर किनारा त्यांचा. तेव्हां मधला मार्ग निघाला. थोडी रसद धाडली. कर्ज मात्र पंधरा हजार रुपयेच, तेंही देवळांतील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा तारण घेऊन. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें, कीं या तोफा वेढ्यांतल्या किल्ल्यावरूनच उतरविल्या होत्या! त्याच वर्षीं मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणण्यास व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये दिले.

१६ मे रोजीं वसईनें शरणागती पत्करली. जुलैंत कॅप्टन इंचबर्ड यानें चिमाजीअप्पांशीं तह करून व्यापाराची मोकळीक मिळविली. मुंबई वांचली, परंतु ज्या तोफांनीं वसई लढावयाची, त्याच मदतीच्या मोबदल्यांत गेल्या.