संगणक कार्यप्रणालीचे स्थित्यंतर आणि मराठी वापरकर्ता (१९९१ ते २००९) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या कार्यप्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमची, नवी आवृत्ती येणे ही घटना बहुधा ती तयार करणाऱ्या कंपनीच्या बाजूने सांगितली जाते. विंडोज ९५ हे २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९८ हे २५ जून १९९८ रोजी, विंडोज २००० हे १७ फेब्रुवारी २००० रोजी आणि विंडोज एक्सपी हे २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आले, असा तो क्रम असतो. वापरकर्त्यांचा इतिहास या तारखांना धरून चालत नाही. महाराष्ट्रातील अनेक कार्यालयांत, छापखान्यांत व महाविद्यालयांत एक्सपी येऊन काही वर्षे लोटल्यावरही मराठीचे काम जुन्याच प्रणालीवर होत राहिले. या विलंबाचे खापर सामान्यतः संगणक साक्षरतेच्या अभावावर व बदलाविषयीच्या अनास्थेवर फोडले जाते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन वेगळे आहे. मराठी वापरकर्त्यापुढे नव्या प्रणालीने घातलेला प्रश्न सोयीचा नव्हता. काल लिहिलेला मजकूर उद्या वाचता येईल काय, हा तो प्रश्न होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत थांबणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

उद्दिष्टे :

१. डॉसपासून विंडोज एक्सपीपर्यंत मराठी लेखनाच्या व्यवस्थेत झालेले बदल कालक्रमाने मांडणे.
२. या बदलांचा वापरकर्त्याच्या प्रत्यक्ष कामावर झालेला परिणाम तपासणे.
३. त्या काळातील मराठी संगणकीय दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संकेतप्रणालींची मानके, कार्यप्रणालींच्या आवृत्त्या आणि मराठी टंकलेखनाचा प्रचलित व्यवहार यांच्या परस्परसंबंधावर भर दिला आहे.

डॉसचा काळ : जिस्ट आणि इस्की

डॉसमध्ये भारतीय लिपींना स्थान नव्हते. ही उणीव जिस्ट तंत्राने भरून काढली. आय. आय. टी. कानपूर येथे उगम पावलेले हे तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे विकसित झाले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली. यामागील संकेतप्रणालीला भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. तीच इस्की होय. इस्कीत अक्षराची आकृती न साठविता वर्ण साठविला जाई. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीच्या १२८ स्थानांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. म्हणजे शास्त्रशुद्ध मार्ग १९९१ मध्येच आखला गेला होता. व्यवहार मात्र दुसऱ्या वाटेने गेला.

विंडोज आणि फॉन्टची मराठी

१९९२ मधील विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले आणि मराठी लेखनाला एक सुलभ मार्ग मिळाला. इंग्रजी अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीच्या आकृती बसविल्या की कार्यप्रणालीला मराठीचा पत्ता न लागताही मराठी छापता येई. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपचे आकृती ही पॅकेजेस याच तत्त्वावर लोकप्रिय झाली.

या व्यवस्थेचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'किती' हा शब्द वर्णक्रमाने लिहिताना आधी 'क' आणि मग ऱ्हस्व इकार येतो. फॉन्टच्या मराठीत मात्र जसे दिसते तसे साठविले जाई. म्हणून आधी वेलांटी व मग 'क' असा क्रम असे. अनेक फॉन्टांत 'ग', 'त' यांसारखी अक्षरे अर्धी आकृती आणि उभी रेघ अशा दोन तुकड्यांनी बनत. कोणता तुकडा कोणत्या स्थानी ठेवावा याविषयी उत्पादकांत एकवाक्यता नव्हती. त्यामुळे एका पॅकेजमधील मजकुराला दुसऱ्याचा फॉन्ट लावताच अक्षरांची सरमिसळ होई आणि फॉन्टच नसलेल्या संगणकावर केवळ निरर्थक रोमन अक्षरे दिसत. शोध, अकारविल्हे यादी, शुद्धलेखन तपासणी या गोष्टी त्या विशिष्ट पॅकेजबाहेर जवळजवळ अशक्यच होत्या. तरीही छापील कागद निर्दोष निघत असे, आणि कार्यालयाला व छापखान्याला कागदच हवा होता.

विंडोज २००० व एक्सपी : नव्या व्यवस्थेचा अनुभव

विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथमच कार्यप्रणालीच्या पातळीवर स्थान मिळाले. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट ज्येष्ठ सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. एक्सपीने ही सोय घरोघरी नेली. परंतु ती आरंभी सुप्तावस्थेत असे. नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत जाऊन जटिल लिपींच्या फाइल्स स्वतंत्रपणे बसवाव्या लागत आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी मागितली जाई. ज्याच्याजवळ सीडी नव्हती, त्याच्या संगणकात युनिकोड मराठी असूनही नसल्यासारखीच होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे पान अशा संगणकावर उघडल्यास वेलांटी अक्षराच्या मागे पडे व जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसत. ही सोय मुळापासूनच चालू स्थितीत मिळाली ती जानेवारी २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून.

दुसरी अडचण हातांची होती. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या लेखनिकांची बोटे रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटाला सरावलेली होती. फॉन्टच्या पॅकेजेसनी तो कळपाट जपला होता; एक्सपीने मराठीसाठी दिलेला कळपाट इनस्क्रिप्ट धर्तीचा होता. कार्यप्रणाली बदलणे एका दिवसात साधते. वर्षानुवर्षांचा हात बदलण्यास महिने लागतात आणि त्या महिन्यांत टपाल थांबत नाही.

तिसरी अडचण मराठीच्या वेगळेपणाची होती. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्न अर्थाचे शब्द आहेत. यंत्रावर 'ऱ्य' हे जसे दिसते तसे उमटविले जाई; युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. हे ठाऊक नसलेल्याच्या हातून दऱ्यांचा दर्या होई. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर कोणी 'अ'वर चंद्र देत, कोणी हिंदीच्या धर्तीचा 'ऍ' वापरत. परिणामी एकच शब्द तीन प्रकारे साठविला गेला आणि एका रूपाने शोधल्यास दुसरे रूप सापडेनासे झाले. मराठी वळणाचे 'ल' व 'श' मंगलमध्ये नव्हते. मराठीसाठी देवनागरीची वर्णमाला व अक्षरांची रूपे निश्चित करणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. प्रमाण रूप ठरण्यापूर्वीच स्थित्यंतर सुरू झाले होते.

छापखान्यांची अडचण याहून कठीण होती. मराठी मुद्रणाचा भार ज्या पेजमेकरवर होता, त्याची २००१ मधील सातवी आवृत्ती शेवटची ठरली. युनिकोड देवनागरी तिला पेलत नव्हती. प्राध्यापकाने युनिकोडमध्ये दिलेला लेख छापखान्यात पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये उतरवावा लागे आणि त्यातून नव्या मुद्रणदोषांची भर पडे. अशा स्थितीत जुना संगणक जपणाऱ्या छापखान्याला मागासलेला म्हणणे अन्यायाचे ठरते.

रूपांतर आणि जतनाचा प्रश्न

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतर साधने निघाली. परंतु त्यांचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. मूळ फॉन्ट कोणता हे माहीत असावे लागते. वर्डच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव टिकते. तोच मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वा माहितीकोशात नेला की ते नाव नाहीसे होते. मग त्यातील कोणता शब्द मराठीचा आणि कोणता खरोखरीचा इंग्रजी, हेही यंत्राला कळत नाही. पीडीएफ प्रत पडद्यावर अचूक दिसते. तिच्यातील ओळ उचलून अन्यत्र ठेवताच पुन्हा रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो.

हा प्रश्न महाविद्यालयांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांतील वार्षिक नियतकालिके, एम. फिल. व पीएच. डी.चे प्रबंध, लोकसाहित्याची संकलने व सभांची इतिवृत्ते मोठ्या प्रमाणावर अशाच फॉन्टांत लिहिली गेली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ केवळ ६४ बिटचे असून त्यावर डॉसचे व १६ बिटचे जुने कार्यक्रम थेट चालत नाहीत. जुना संगणक भंगारात जातो तेव्हा त्यातील फॉन्ट व पॅकेजही जाते, आणि उरलेल्या फाइल्सची किल्ली हरवते.

निष्कर्ष :

१. मराठी वापरकर्त्याचा विलंब हा प्रामुख्याने अज्ञानातून आलेला नव्हता. साठलेला मजकूर, सरावलेला हात आणि छपाईची साखळी यांचा तो हिशेब होता.
२. फॉन्टच्या मराठीने तत्काळची गरज उत्तम भागविली. तिची किंमत पुढील पिढीवर पडली.
३. नव्या प्रणालीतील मराठी सोय प्रत्यक्षात येण्यास सीडी, प्रशिक्षण व प्रमाण वर्णमाला यांची जोड आवश्यक होती. ती उशिरा व तुकड्यातुकड्यांनी मिळाली.
४. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी जुने संगणक निकाली काढण्यापूर्वी त्यांतील मराठी फाइल्स, वापरलेल्या फॉन्टचे व पॅकेजचे नाव आणि एक छापील प्रत यांची एकत्र नोंद करावी. रूपांतर केल्यावरही मूळ फाइल ठेवावी आणि छापील प्रतीशी ताळा घ्यावा.

मोडी लिपीतील कागद आज वाचण्यास जाणकार शोधावा लागतो. तरी तो कागद डोळ्यांना दिसतो आणि अक्षरे शिकून वाचता येतो. किल्ली हरवलेल्या फाइलची अवस्था त्याहून बिकट आहे. ज्यांनी हे लेखन केले त्यांतील अनेक जण अद्याप आपल्यात आहेत व कोणता फॉन्ट वापरला हे सांगू शकतात. तोवरच हे काम हाती घेणे इष्ट होय.