देवाचें फूल आणि फुलदाणींतलें फूल

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मध्यें वसलेल्या भोसरी गांवाचें जुनें नांव भोजापूर होतें, असें परंपरा सांगते. एका अंगास मोरया गोसावींचें चिंचवड, दुसऱ्या अंगास ज्ञानेश्वरांची आळंदी आणि थोडें पलीकडे तुकोबांचें देहू. अशा या देवभूमींत फुलाचा पहिला मान देवाचा. पहाटे तोडावें, देवास वाहावें आणि दुसऱ्या दिवशीं निर्माल्य म्हणून उतरावें, एवढेंच त्याचें आयुष्य. तें वाढवावें कसें, हा प्रश्नच उद्भवत नसे.

अगदींच उद्भवत नसे, असें मात्र नाहीं. सायंकाळीं तोडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या सकाळच्या पूजेपर्यंत टिकवाव्या लागत. त्यासाठीं घरोघरच्या स्त्रिया त्या ओल्या फडक्यांत गुंडाळीत, वर केळीचें पान लपेटीत आणि पुडी पाण्याच्या माठाशेजारीं ठेवीत. गारवा, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा या तीन गोष्टी त्या पुडींत एकत्र येत. पुढें शास्त्रज्ञांनीं मोठ्या खटपटीनें जें सिद्ध केलें, त्याचें बीज या घरगुती रीतींत होतें.

फुलदाणी मात्र उशिरां आली. ज्या झेंडूवांचून आज दसऱ्याचें तोरण होत नाहीं, तो झेंडू आणि ज्याच्या सुवासानें लग्नमंडप भरतो, तो निशिगंध, हे दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. यूरोपीय लोकांच्या दर्यावर्दी व्यापारानंतर ते इकडे रुजले. लांब दांड्याचीं फुलें पाण्यांत उभीं करून दिवाणखान्यांत मांडण्याची हौसही इंग्रजी अमदानींत वाढली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आणि तेथील पुष्पप्रदर्शनें यांनीं ती सुशिक्षित घरांत पोंचविली. देवाच्या फुलानें एक दिवस टवटवीत राहिलें कीं पुरे. फुलदाणींतल्या फुलानें आठवडाभर राहावें, अशी अपेक्षा निर्माण झाली.

तोडलेलें फूल कोमेजतें कां, याचा पाया स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें घातला. १७२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें झाडें किती पाणी शोषतात आणि पानांवाटे किती बाहेर टाकतात, हें मोजून दाखविलें. देठ तुटला तरी हा व्यवहार थांबत नाहीं. पाकळ्या व पानें पाणी सोडीतच राहतात आणि तुटलेला देठ तें भरून काढूं पाहतो. परंतु तोडतांच देठाच्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते, मागाहून पाण्यांतील जंतु वाढून त्या नळ्या बुजवितात, आणि पाण्यांत उभें असलेलें फूल तहानेनें मान टाकतें.

रोगाचें निदान कळलें कीं उपाय सोपे होतात. देठ धारदार चाकूनें, पाण्याखालीं धरून, तिरपा कापावा, म्हणजे नळींत हवा शिरत नाहीं आणि देठ भांड्याच्या तळाशीं चपखल बसत नाहीं. पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावींत, कारण तीं कुजून जंतूंस खाद्य होतात. भांडें घासून घ्यावें, पाणी रोज बदलावें आणि दर वेळीं देठाचा थोडा भाग पुन्हा कापावा. एक लिटर पाण्यांत एक लहान चमचा साखर व दोन चमचे लिंबाचा रस घालण्याची रीत आहे. साखर फुलास पोसते आणि आंबटपणा जंतूंस आवरतो. नुसती साखर घातल्यास मात्र फुलाआधीं जंतूच पोसले जातात.

दुसरा शत्रु डोळ्यांस दिसत नाहीं. १९०१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेल्युबोव्ह यानें दिव्याच्या गॅसमधील एथिलीन वायूमुळें वाटाण्याचे अंकुर वेडेवांकडे वाढतात, हें ओळखलें. १९०८ सालीं शिकागो येथें क्रॉकर व नाइट यांनीं त्याच वायूच्या अत्यल्प अंशानें कार्नेशनचीं उमललेलीं फुलें मिटतात, हें दाखविलें. १९३४ सालीं इंग्लंडांत गेन यानें पिकणारें सफरचंद स्वतःच हा वायु सोडतें, असें सिद्ध केलें. १९७८ सालीं हॉलंडांतील संशोधकांनीं चांदीचा एक क्षार देठावाटे चढवून कार्नेशनचें आयुष्य वाढविलें. पण जड धातूचा तो उपाय घरगुती नव्हे. घरीं एवढेंच पाळावें कीं, गणपतीपुढें मांडायच्या केळ्यांच्या फण्या आणि उद्यांसाठीं आणलेलीं फुलें रात्रभर एका बंद कपाटांत ठेवूं नयेत. शेवंती व जरबेरा यांस हा वायु फारसा बाधत नाहीं. कार्नेशनला मात्र फार बाधतो.

भोसरीच्या घरांत हा विषय आज केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि या माळावर कारखाने उभे राहिले. १९७० सालीं भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी यांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. ज्या परसांत जास्वंद, तगर व मोगरा फुलत, तीं परसें चाळींत आणि इमारतींत विरलीं. फूल आतां दारचें राहिलें नाहीं. तें विकत आणावें लागतें.

तें येतें मावळांतून आणि दूरदूरच्या शेतांतून. तळेगांवच्या पुष्पोद्यानांतील हरितगृहांत गुलाब कळी असतांनाच तोडतात, लगेच पाण्यांत ठेवतात आणि दोन ते चार अंश उष्णतामानाच्या थंड खोल्यांत साठवतात. फेब्रुवारीच्या १४ तारखेसाठीं हे गुलाब परदेशींही जातात. येथें फुलाच्या आयुष्याचा एकेक दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या पदरीं पडणारा पैसा होय. भाव पडला कीं झेंडूचे ढीग रस्त्याकडेला टाकून देण्याची पाळी त्याच्यावर येते. कारण फूल धान्याप्रमाणें कणगींत राखून ठेवतां येत नाहीं.

बाजारांतून घरीं आलेलें फूल म्हणूनच अर्धें आयुष्य प्रवासांत खर्चून आलेलें असतें. उरलेलें अर्धें गृहिणीच्या हातीं असतें. स्वच्छ भांडें, ताजें पाणी, सावलीचा गारवा आणि फळांपासून दूर जागा, एवढ्यानें तिला दोन-तीन दिवस अधिक मिळतात, आणि दूरच्या कोणा शेतकऱ्याचे श्रम तितके दिवस अधिक डोळ्यांपुढें राहतात. माठाशेजारीं ओल्या फडक्यांत कळ्या ठेवणाऱ्या आजीस एथिलीनचें नांवही ठाऊक नव्हतें. पण फूल हें तोडल्यावरही जिवंत असतें, हें ती पुरतेपणीं जाणून होती.